आतली कडी

१

मिस्त्री बसमधून उतरला तो भांडतच. खांद्याला हत्यारांची पिशवी, बगलेत लोखंडी जाळी, आणि कंडक्टरनं जाळीचं वेगळं तिकीट मागितलेलं.

"जाळी काय सीटवर बसली होती का रे? तिला काय खिडकीजवळची जागा दिली होतीस?"

बस निघून गेली तरी हा रिकाम्या रस्त्याकडं बघून बोलत होता. जाणारी येणारी माणसं थांबून बघायला लागली तेव्हा त्यांनाही दोन शब्द ऐकवले आणि मग चालायला लागला.

त्याचं गावच्या फाट्यावर वेल्डिंगचं दुकान. फाटकं, दरवाजे, खिडक्यांच्या जाळ्या. शिक्षण म्हणाल तर सही येते. राग मात्र पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. आणि एकुलती एक लेक अगदी बापावर गेलेली. ही दोघं भांडायला लागली की शेजारी आपापली ताटं घेऊन ओट्यावर येऊन बसायचे, इतकं ते ऐकण्यासारखं असायचं.

ती लेक आता शहरात. दवाखान्यात नर्स. जावई ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. आधी राहायची तिथं चोऱ्यांनी वैताग आणला होता. पहिल्यांदा गॅसची टाकी गेली, मग जावयाची मोटारसायकल. मग एका दुपारी ही ड्यूटीवरून येऊन पडली होती, डोळा उघडला तर खोलीत एक माणूस उभा. हातात हिची पर्स. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच निघून गेला. वर्गातल्या पोरांना बदडून काढणारी पोरगी, तिच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. तेव्हापासून तिची झोप उडाली. डोळे खोल गेले. दवाखान्यात एकदा उभ्या उभ्या पडली.

म्हणून तिनं घर बदललं. चौकीतल्या हवालदारानंच सांगितलं होतं, अमक्या गल्लीत बघा, तिथं चोरी होतच नाही. बापाला फोनवर खिडकीचं माप दिलं. बाप जाळी करून घेऊन आला. एवढीच गोष्ट होती.

गल्ली तशी साधी. एका बाजूला गोदामाची लांब भिंत, दुसऱ्या बाजूला एका ओळीत बैठी घरं, आणि शेवटी गल्ली बंद. सायकली बिनकुलपाच्या उभ्या. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर कोणी नाही, गिऱ्हाईक आपलं आपण घेऊन जातंय. मिस्त्रीनं सवयीनं खिडक्या बघितल्या. एकीलाही जाळी नाही. चौकटीला भोकं मात्र होती, लांबीचा लगदा भरून बुजवलेली, वरून रंग मारलेला. म्हणजे जाळ्या होत्या कधीतरी. काढून टाकलेल्या.

"इथं आमच्या धंद्याची माणसं उपाशीच मरायची," तो स्वतःशीच म्हणाला.

लेकीचं घर सगळ्यात शेवटी. ती दारात आली. गाल भरलेले, डोळ्यांखालचं काळं गेलेलं. बघून बापाचा जीव भांड्यात पडला. तो आनंद दाखवायची त्याची एकच पद्धत होती. जाळी खिडकीला लावून बघितली, ती बोटभर मोठी निघाली, आणि त्यानं तोंड सोडलं.

"हे माप दिलंस होय? आंधळी आहेस का? एवढी शिकून टेप धरता येत नाही?"

आणि तो थांबला. आता तिचं उत्तर येणार. 'तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, कान तपासून घ्या,' असलं काहीतरी. त्याचं पुढचं वाक्यही तयार होतं.

लेक हसली. "असू दे, आप्पा. राहू दे तशीच."

असू दे! हा शब्द त्या पोरीच्या तोंडून त्यानं जन्मात ऐकला नव्हता.

२

संध्याकाळी दार लावायला गेला तर आतून कडीच नाही.

कडी तुटलेली असते, गंजलेली असते, निघालेली असते. त्याची खूण राहते. इथं लाकूड कोरं होतं, फक्त लांबीनं बुजवलेले ठिपके. बाहेर मात्र हातभर लांब जाड कडी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. आणि तिला कोयंडा नाही. म्हणजे बाहेरून कुलूपही लागणार नाही. नुसती सरकवायची.

"ही असली कडी गोठ्याला असते," मिस्त्री म्हणाला. "तू काय म्हैस आहेस?"

"इथं बाहेरूनच लावतात, आप्पा. पद्धत आहे."

मग तिनं पद्धत सांगितली, एखाद्या पेशंटला गोळ्या सांगाव्यात तशी. रस्त्यावरचे दिवे लागले की सुरू होतं. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर आहे, त्याची कडी दुसऱ्या घरातलं माणूस बाहेर येऊन लावतं. दुसऱ्या घरातलं मग आत जातं, त्याची तिसऱ्यातलं लावतं. असं करत करत शेजारच्या शिंप्यापर्यंत येतं. शिंपी आत गेला की त्याची कडी मी लावते. मग मी आत येते.

"आणि आपली?"

"आपली लागते."

"कोण लावतं?"

"मी आत असते ना, आप्पा. मला कसं दिसणार?"

"अगं पण तू शेवटची! तुझ्यामागं भिंत आहे. बाकी सगळे कोंडलेले. मग बाहेर राहिलं कोण?"

लेकीनं जरा विचार केल्यासारखं केलं. "ते नाही बाई मला माहीत. पण लागते रोज. आणि सकाळी उघडलेली असते. मग मी शिंपीदादांची उघडते, ते पुढची उघडतात."

"आणि आग लागली मग?"

"लागत नाही."

दिवे लागले. मिस्त्री दारात उभा राहून बघत होता. लांबून खट्ट आवाज आला. मग जरा जवळ, खट्ट. कोणी घाईत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. शेजारचा शिंपी बाहेर आला, गळ्यात टेप तशीच, पलीकडच्या घराची कडी लावली, मिस्त्रीकडं बघून मान हलवली आणि आत गेला. लेकीनं जाऊन त्याची लावली. परत येऊन बापाला आत ओढलं, दार लोटलं, अंथरुणावर बसली.

मिस्त्री दाराला कान लावून उभा राहिला. पायांचा आवाज नाही. श्वास नाही. गल्ली रिकामी होती, त्यानं स्वतः बघितली होती.

खट्ट.

कानाच्या शेजारी. तो दाराला हात घालणार एवढ्यात झोप अंगावर अशी पडली, की वरून कोणीतरी ओलं पोतं टाकावं. भिंतीला टेकला ते आठवतं. पुढचं काही नाही.

३

सकाळी चहा झाला होता गार. मिस्त्रीनं तो तसाच पिऊन टाकला. मग गावाहून बायकोचा फोन आला. तिनं नेहमीसारखी सुरुवात केली. पोचल्यावर फोन करायची पद्धत नाही, दुकानाची किल्ली कुठं ठेवलीत, गिऱ्हाईक दारात उभं आहे, मी काय आता वेल्डिंग करू का.

"बरं," मिस्त्री म्हणाला.

"कोण बोलतंय?" बायकोनं विचारलं.

"मीच."

"तुम्ही 'बरं' म्हणालात. तब्येत ठीक आहे ना? लेकीकडं फोन द्या बघू."

फोन ठेवल्यावर मिस्त्री हातातल्या कपाकडं बघत बसला. त्यानं मुद्दाम कालचा कंडक्टर आठवला. आपण काय काय बोललो ते सगळं आठवलं. पण आत काही पेटेना. विझलेल्या भट्टीत हात घातल्यासारखं. जाळीची सीट, खिडकीजवळची जागा, सगळे शब्द जागच्या जागी होते. चटका तेवढा नव्हता.

त्याला घाम फुटला. आयुष्यभर लोक त्याला सांगत आले होते, मिस्त्री, राग जरा कमी करा. पण तो त्याचा होता. असा परस्पर कोणी न्यायचा नव्हता.

लेक ड्यूटीला गेली. हा उठून चौकीवर गेला.

हवालदार जाडजूड, बोलका. त्याच्या मागं भिंतीवर फळा होता, खडूनं वस्त्यांची नावं आणि पुढं आकडे. लेकीच्या गल्लीपुढं शून्य.

"साहेब, तिथं चोरी का होत नाही?"

"होत नाही याची तक्रार घेऊन आलेला तुम्हीच पहिला." हवालदार हसला. मग त्याला बरं वाटलं असावं कोणीतरी विचारतंय म्हणून. त्यानं फळ्यावर बोट ठेवलं. "आता हा बाजाराचा भाग. आकडा बघा, सगळ्यात मोठा. पण तिथले व्यापारी चप्पल गेली तरी येतात. हा नाल्याकडचा भाग. आकडा एवढासा. तिथं काय चोऱ्या कमी आहेत? तिथली माणसं इथं यायलाच भितात. आली की आम्ही त्यांनाच बसवून घेतो."

"म्हणजे हा आकडा चोरीचा नाही."

"तक्रारीचा आहे. सोपं आहे हो. आधी चोरी होते. मग ती माणसाला कळते. मग त्याला राग येतो. मग तो चालत इथपर्यंत येतो. मग मी लिहून घेतो. एवढं सगळं झालं की मग कुठं फळ्यावर एक वाढतो."

मिस्त्री खुर्चीत पुढं सरकला. "आणि राग नाही आला तर?"

"तर कशाला तंगड्या तोडत येईल कोणी?"

"त्या गल्लीतून आजवर कोणी आलंय?"

"कोणीच नाही. भांडण नाही, मारामारी नाही, नवराबायकोचं काही नाही. पोरगं हरवलं म्हणूनसुद्धा नाही." हवालदारानं आवाज जरा खाली आणला. "आमचा एक जुना गडी होता, घरफोड्या. तो गेला होता त्या गल्लीत, हात मारायला. दुसऱ्या दिवशी इथं आला, आजवर चोरलेलं जे जे घरात शिल्लक होतं ते घेऊन. आम्ही हात पण लावला नव्हता. आता पंक्चर काढतो त्या कोपऱ्यावर. आईवरून शिवी घाला, हसतो. आम्हाला काय, बरंच झालं."

"साहेब, तुम्ही राहाल त्या गल्लीत?"

हवालदार हातावरचा खडू पँटला पुसत बसला.

"बायको म्हणते जाऊ," तो म्हणाला. "मी म्हणतो, बघू."

४

मिस्त्री बाजारातून कडी घेऊन आला. आतली. चांगली जाड, बोटभर गजाची. दाराला टेकून बसला आणि भोकं पाडायला घेतली. ड्रिलचा आवाज गल्लीभर गेला. माणसं दारात येऊन उभी राहिली. कोणी काही म्हणालं नाही. फाट्यावर असता तर एव्हाना चार जणांनी कामातल्या चुका काढल्या असत्या.

शिंपी येऊन उंबऱ्याशी बसला.

"भोकं बुजवावी लागतील, मिस्त्री."

"कोण बुजवणार आहे?"

"तुम्हीच."

हे त्यानं धमकी दिल्यासारखं म्हटलं नाही. कापड किती लागेल ते सांगावं तसं म्हटलं. मिस्त्रीनं ड्रिल बंद केलं.

"शिंपीदादा, तुमच्याकडून रात्रीचं काय जातं?"

"काही नाही. सगळं जागच्या जागी असतं."

"तुमची बायको कुठं आहे?"

"होती," शिंपी म्हणाला. मग आठवल्यासारखं म्हणाला, "वारली इथं आल्यावर. बाळंतपणात. मूलही गेलं."

"वाईट झालं."

"हो, लोक म्हणाले वाईट झालं." त्यानं गळ्यातली टेप सारखी केली. "मी पण लावली होती हो आतून कडी. सुरुवातीला."

"मग?"

"मग उघडली."

"का?"

"बाहेर ओळखीचं कोणीतरी होतं."

"कोण?"

"आता नाही आठवत. पण ओळखीचं होतं एवढं नक्की."

तो उठून गेला. मिस्त्रीनं स्क्रू असे आवळले, की स्क्रूड्रायव्हर तळहातात रुतला.

लेक आली. दारावर नवी कडी बघितली. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं, की मला न विचारता दाराला हात लावलाच कसा.

"छान बसवलीत, आप्पा," ती म्हणाली.

"भांड माझ्याशी."

"कशाला?"

"भांड म्हणतो ना! मी तुझं दार बिघडवलं. माप चुकल्यावरून बोललो. तुझ्या नवऱ्याला मी पहिल्या दिवशी बैल म्हणालो होतो. भांड!"

ती त्याच्याकडं बघत राहिली. खोल विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं ते बघणं होतं. मग म्हणाली, "जेवून घ्या, दिवे लागतील आता."

५

दिवे लागले. खट्ट, खट्ट करत कड्या जवळ येत गेल्या. लेक जाऊन शिंप्याची लावून आली. ती आत आली तशी मिस्त्रीनं दार लोटलं आणि आपली कडी सरकवली. हाताला गार आणि घट्ट लागली. आयुष्यात हजारो कड्या बसवल्या, पण अशी कुठली प्यारी वाटली नव्हती.

बाहेरची लागली. खट्ट.

झोप आली, पण दाराशी थांबली. दोघंही जागी होती. लेकीला पहिल्यांदा ते कळलं.

"आप्पा, मला झोप का येत नाही?"

"बस माझ्याजवळ."

"आप्पा, तो माणूस... खोलीत उभा होता ना... त्यानं बोट असं ठेवलं..." आणि तिला रडू फुटलं. आधी बारीक, मग हमसून हमसून. मिस्त्रीला वाटलं, येतंय. रडू आलंय, त्याच्यामागं रागही येईल. यायलाच पाहिजे. त्यानं तिला कुशीत घेतलं आणि दारावरची नजर काढली नाही.

बाहेरची कडी सरकली. लावली होती, ती कोणीतरी परत उघडली, सावकाश, आवाज होऊ न देता. गल्लीतल्या माणसांची ही वेळ रोज झोपेत जात होती.

दार ढकललं गेलं. आतल्या कडीनं धरलं. दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट पडली.

पुन्हा ढकललं. तेवढंच. जोर नाही, राग नाही. उघडं असायला हवं होतं ते का नाही, एवढंच बघितल्यासारखं.

मिस्त्री उठला आणि फटीला डोळा लावला.

गल्लीतली सगळी दारं सताड उघडी होती. एकही माणूस दिसत नव्हतं. आणि समोर, दिव्याच्या आड, काहीतरी उभं होतं. चौकटीपेक्षा उंच, जरा तिरपं. दोन्ही हात ओझ्यानं भरलेला हमाल दारातून आत शिरताना जसा तिरपा होतो तसं. तोंड कुठं आहे ते त्यानं शोधलं नाही. ओझं दिसलं. गाठोड्यावर गाठोडं.

त्या गाठोड्यांतून आवाज येत होते. बारीक, भिंतीपलीकडचा रेडिओ ऐकू यावा तसे. कोणी बाई किंचाळत होती. एक पुरुष ऊर फुटून रडत होता, आणि मध्येच बायकोला हाका मारत होता. तो आवाज शिंप्याचा होता. मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, 'जाळी काय सीटवर बसली होती का रे!' चांगला खणखणीत, कालच्यासारखा गरम.

आणि त्याच्याखालून एक पोरगी.

'मी जाणार म्हणजे जाणार! तुम्ही बसा फाट्यावर लोखंड ठोकत! मी शिकणार, आणि तुमच्या नाकावर टिच्चून शिकणार!'

त्या दिवशी मिस्त्रीनं हातोडा भिंतीवर फेकला होता. अजून खड्डा आहे तिथं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिची ट्रंक त्यानंच बसच्या टपावर चढवली होती, कारण आवाजात जे होतं ते त्यानं ओळखलं होतं. ते त्याचंच होतं.

लेक मागं येऊन उभी राहिली. रडणं थांबलं होतं. तीही ऐकत होती.

"कोण आहे हो ती?" तिनं विचारलं.

"अगं तू आहेस!"

"मी?" ती पुन्हा ऐकायला लागली. "केवढी ओरडतेय. किती त्रास होत असेल तिला."

बाहेर ओझं जरा हललं. पोरीचा आवाज मंद झाला. दारासमोरचं ते मागं सरलं, आता निघणार होतं. आज नाही तर नाही, त्याला घाई नव्हती.

शिंपी काय म्हणाला होता ते मिस्त्रीला आठवत होतं. सगळं आठवत होतं. कडी उघडायची नाही हेही कळत होतं. पण ती त्याची पोरगी होती, आणि कोणीतरी तिला बगलेत मारून त्याच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. जेवढा राग अंगात शिल्लक होता तेवढा सगळा एकदम टाळूपर्यंत चढला.

"ए चोरा!" तो ओरडला. "ठेव ती खाली! ठेव म्हणतो ना!"

आणि त्यानं कडी काढली.

६

सकाळी मिस्त्रीनं आतली कडी खोलून पिशवीत टाकली. भोकांत लांबी भरली, बोटानं सारखी केली, वरून रंगाचा हात मारला. काम चांगलं झालं. शिंपी उभा राहून बघत होता, त्यालाही आवडलं.

लेकीनं डबा बांधून दिला, न बसलेली जाळी त्यानं परत बगलेत घेतली. ती दारात उभी होती, गाल भरलेले, झोप चांगली झालेली. बापाला बरं वाटलं. ती सुखरूप होती. त्यासाठीच तर आला होता.

रस्त्यात चौकी लागली. हवालदार दारात चहा पीत होता.

"काय मिस्त्री, चाललात? मग, काही तक्रार?"

मिस्त्री थांबला. काहीतरी सांगायचं होतं असं त्याला वाटलं. त्यानं खिसे चाचपले. पाकीट होतं, किल्ली होती. पिशवी उघडून बघितली. हातोडा, ड्रिल, स्क्रूड्रायव्हर, एक नवीकोरी कडी. सगळं होतं.

"नाही," तो म्हणाला.

हवालदारानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. हातातला चहा तसाच जमिनीवर ओतून दिला आणि आत गेला. फळ्यावर खडू घासल्याचा आवाज आला नाही. घासायला काही नव्हतं.

बस लागली होती. कंडक्टर तोच. जाळी बघून त्यानं कंबरेवर हात ठेवले, आता होऊन जाऊ दे अशा तयारीनं.

"हे बघा, जाळीचं वेगळं तिकीट लागेल."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

त्यानं दोन तिकिटं काढली. जाळीला खिडकीजवळ बसवलं, आणि आपण शेजारी बसला.